पाच तासांची सायकल, वीस मिनिटांचा पंप
खेळाडूंच्या ऊर्जाखर्चावरील तुमच्या लेखात तो खर्च कॅलरीत दिला आहे. तो विजेच्या युनिटमध्ये मांडला असता, तर आम्हा शेतकऱ्यांना चटकन उमगला असता. एक युनिट म्हणजे हजार वॅट तासभर, अर्थात सुमारे 860 किलोकॅलरी. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीतील सायकलपटूने पाच तास सरासरी 250 वॅट शक्ती लावली, तर पेडलवर सव्वा युनिट उतरते. शरीर मात्र त्याच्या साधारण चौपट खर्चते, कारण उरलेली ऊर्जा बहुतांशी उष्णतेत जाते, आणि घामाच्या त्या धारांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. बीडजवळच्या आमच्या विहिरीवरील पाच अश्वशक्तीचा पंप, ज्याच्या स्टार्टरचे हिरवे बटण मी रात्री दोनला लाईट आल्यावर बॅटरीच्या उजेडात दाबतो, तो तेवढ्या सव्वा युनिटवर जेमतेम वीस मिनिटे चालेल.