सरदारीण व्हायचंय? या, टोपी घाला

गेल्या महिन्यात लेकाकडे इंग्लंडला गेले होते. तिथल्या एका किल्ल्यात आठ पौंड मोजून ‘नॉर्मन सरदारीण’ झाले. (नॉर्मन म्हणजे अकराव्या शतकात फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकणारे.) अंगात मखमली झगा, डोक्यावर शंकूसारखी उंच टोपी. फोटोवाला म्हणाला, “मजा होती त्या बायकांची, दिवसभर काम म्हणून नाही!” सूनबाईंनीही मान डोलावली. तुम्हालाही ही मजा हवी असेल, तर ऐका.

आधी भाऊ नसलेल्या घरात जन्म घ्या. गुळाला मुंगळे लागावेत तसे नवरे लागतील. निवडायचे कष्ट राजा घेईल.

बाप लवकर गेला, तर तुमचं पालकत्व लग्नाच्या हक्कासकट विकलं जाईल. भाव चांगला आला की आनंद माना.

विधवा झालात, तर मग चैनच! 1185 साली दुसऱ्या हेन्री राजाचे कारकून गावोगाव फिरले आणि बाईचं वय, पोरं, जमीन, गुरं-मेंढ्या सगळं एकाच यादीत उतरवून घेतलं. यादी कशाला? कोणाला कोण द्यायची, ते ठरवायला. हवीस नावाची ओमालची सरदारीण बघा. नवरा गेला, रिचर्ड राजाने दुसरा नेमला. ‘नको’ म्हणाली, तर तिची मालमत्ता जप्त! शेवटी 1190 मध्ये गुमान उभी राहिली. तो गेला, तिसरा आला. तोही 1212 मध्ये गेला, तेव्हा बाईने जॉन राजाला 5000 मार्क कबूल केले, म्हणजे तीन हजारांवर पौंड. कशासाठी? वडिलांची आणि नवऱ्याची जमीन मिळावी आणि चौथा गळ्यात बांधू नये, एवढ्यासाठी! स्वतःच्याच घरात एकटं राहायचे पैसे! आणि आम्ही आठ पौंडांत मजा करतोय.

वेळ उरला, तर किल्लाही लढवा. इंग्लंडातल्या लिंकन शहराच्या निकोला द ला हे या बाईने साठीनंतर, 1217 मध्ये, वेढ्यात किल्ला धरून ठेवला. शेरीफ, म्हणजे राजाचा जिल्ह्यातला अधिकारी, तीही तीच होती. लढाई जिंकली आणि चार दिवसांत शेरीफपद तेव्हाच्या राजाच्या, तिसऱ्या हेन्रीच्या काकांना, सॅलिसबरीच्या अर्लला (बड्या सरदाराला) दिलं. काम नव्हतं ना तिला!

अहो फोटोवाले, ती टोपी पंधराव्या शतकातली. नॉर्मन बायका डोक्यावरून साधं कापड घ्यायच्या, आपल्या पदरासारखं. तीनशे वर्षांची चूक डोक्यावर ठेवून वर ‘मजा होती’ म्हणता? पैसे घेता, तर जरा वाचा. आणि सूनबाई, तुम्ही तरी मान कशाला डोलावलीत? तो फोटो ग्रुपवर टाकू नका.