उतरवून घेतलेला नकाशा आणि चेसिसची जबाबदारी : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. घरी स्पोर्ट्स कार बांधण्यासाठीच्या चेसिसच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) माझ्या लेखमालेवरील आपली सविस्तर प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. आपण अनेक वर्षे वर्कशॉपमध्ये मुलांना शिकवले असल्याचे लिहिले आहे, आणि आपल्या हरकतींमधूनही ते जाणवते. म्हणून दोन ओळींत आभार मानून विषय संपवणे मला योग्य वाटले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : परदेशातील कुणीतरी इंग्रजी गाडीसाठी काढलेला नकाशा इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा, ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डरकडून सोळा गेजच्या (१.६ मिलिमीटर जाडीच्या) चौकोनी पाइपांची स्पोर्ट्स कारची चेसिस जोडून घ्यायची आणि गावोगावच्या मुलांना ते करून दाखवायचे, हा बेजबाबदारपणा आहे, त्या नकाशावर कुणाही अभियंत्याची सही नाही, अशी गाडी आपल्याकडे रस्त्यावर येऊ शकत नाही, तेव्हा नकाशाची फाइल मी काढून टाकावी.

रस्त्याचा मुद्दा आधी घेतो, कारण त्याबाबत आपल्यात मतभेद नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे उत्पादकाला नमुना-वाहन पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई यांसारख्या संस्थांकडे चाचणीसाठी द्यावे लागते. ब्रिटनमध्ये एकट्याने बांधलेल्या एका गाडीचीही स्वतंत्र तपासणी होऊन तिला रस्त्यावर येता येते; घरी गाडी बांधणाऱ्यासाठी तशी वाट आपल्याकडे नाही. काही वाचकांनी मला असे सुचवले आहे की, ज्या जुन्या मारुती ओम्नीचे इंजिन आमच्या गाडीसाठी काढले तिचेच आरसी बुक नव्या चेसिसला लावावे. हा सल्ला कुणीही मानू नये. कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली आहे, आणि इथे तर बदल नसून पूर्ण वाहनच वेगळे आहे. उलट, जिचे भाग काढले ती दाता-गाडी मोडली की कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांच्या आत आरटीओला तसे कळवणे हे मालकाचे काम आहे. आमची गाडी दारव्हा तालुक्यातील आमच्या शेताच्या हद्दीतच चालेल आणि बाहेर न्यायची झाल्यास ट्रॉलीवर चढूनच जाईल.

आता सहीविषयी. हा नकाशा कुणा एकाच्या डोक्यातून रात्रीत निघालेला नाही. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीची 'सेव्हन' ही गाडी १९५७ साली आली. पोलादी नळ्यांची जाळीदार चौकट आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे, अशी तिची रचना होती. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि त्याच धर्तीची गाडी पुढेही बनत राहिली. १९९६ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या एका पुस्तकाने एक इंची चौकोनी पाइप आणि जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग वापरून तशीच गाडी घरी बांधण्याची मापे छापली आणि 'लोकॉस्ट' हे नाव रूढ झाले. त्या मापांतील चुका पुढे पाइप कापणाऱ्यांनाच सापडल्या, त्यांनी त्या उघडपणे मांडल्या आणि दुरुस्त नकाशे सर्वांसाठी खुले केले. ऑस्ट्रेलियात अशा गाडीच्या मंजुरीसाठी चेसिसची पीळ-चाचणी (चौकट पिळून ती किती ताठ आहे हे मोजणे) द्यावी लागते. तेथील मंडळींनी गणित मांडून कोणत्या जागी जादा तिरप्या नळ्या हव्यात हे दाखवून दिले. या नकाशावर सही नाही, हे खरे. पण त्यातील दोष जगजाहीर आहेत. मी किंवा आमच्या भागातील एखाद्या हुशार फॅब्रिकेटरने स्वतःच्या अंदाजाने चौकट जोडली असती, तर तिचे दोष कुणालाच माहीत नसते, आणि तो धोका मला अधिक मोठा वाटतो.

मात्र या पडताळणीचा आधार नकाशा जसाच्या तसा ठेवला तरच मिळतो. एक नळी हलवली की तेवढ्या भागापुरती जबाबदारी हलवणाऱ्याची. म्हणूनच माझ्या लेखांमध्ये पाइप कापण्याच्या आधी प्रत्येक नळीचे काम सांगितलेले आहे. शेताच्या लोखंडी फाटकाला तिरपी पट्टी नसेल तर ते वर्षभरात खाली लोंबते, हे खेड्यातल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. चौकोन आपला आकार सोडतो, त्रिकोण सोडत नाही. सेव्हनच्या धर्तीच्या चेसिसमध्ये सर्वांत उघडा चौकोन इंजिनकप्प्याच्या वरच्या बाजूला असतो, कारण इंजिन तिथूनच आत-बाहेर करावे लागते. तिथे आम्ही बोल्टने बसणारी तिरपी नळी दिली आहे.

ती नळी खरोखर काम करते का, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. चेसिसचा मागचा भाग सस्पेंशनच्या जागांवर टेबलाला घट्ट आवळावा, पुढचा भाग मध्यरेषेवर एका गोल सळईवर टेकवावा, पुढच्या सस्पेंशनच्या ठिकाणी आडवा बीम बांधावा आणि मध्यापासून बरोबर एक मीटरवर डीएपी खताचे पन्नास किलोचे पोते टांगावे. त्यामुळे चेसिसवर साधारण ४९० न्यूटन-मीटर पीळ येतो. मध्यापासून अर्ध्या मीटरवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे सुईचे मापक) लावावे. बीमच्या स्वतःच्या वजनाने आलेला झुकाव आधी शून्यावर घ्यावा आणि मागचा भाग किंचित हलत असल्यास तेवढे वजा करावे. चेसिसचा ताठपणा अंशाला १,००० न्यूटन-मीटर असेल, तर त्या जागी सुमारे सव्वाचार मिलिमीटर हालचाल दिसते. आमच्या चौकटीत वरची तिरपी नळी काढून ठेवल्यावर गेजची सुई पाच मिलिमीटरच्या पुढे गेली आणि नळी आवळून बसवल्यावर चारच्या आत थांबली. आयटीआयच्या मुलांनी हे डोळ्यांनी पाहिले. एका नळीने किती फरक पडतो, हे त्यानंतर त्यांना वेगळे सांगावे लागले नाही.

'इंग्रजी गाडीचा नकाशा' ही आपली हरकत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विदर्भात जुनी एस्कॉर्ट मिळणार नाही. मागच्या चाकांना जोर देणारी, सुट्या भागांची चिंता नसलेली आणि भंगाराच्या भावात सापडणारी गाडी म्हणजे ओम्नी. तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन मूळ गाडीत पुढच्या सीटांखाली आडवे कललेले असते, तर मागचा अखंड ॲक्सल पाटेकमानींवर बसतो. या दोन्ही गोष्टींमुळे नकाशातील इंजिनचे माउंट, गिअरबॉक्सचा बोगदा आणि मागच्या ब्रॅकेटांच्या जागा बदलाव्या लागतात. पुढचा भाग त्याहून अवघड आहे. ओम्नीचा पुढचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर असलेला उभा खांब) उंच असल्याने सेव्हनच्या बुटक्या नाकाखाली मावत नाही, म्हणून हब (चाक ज्यावर बसते तो भाग) ठेवून स्ट्रट काढावा लागतो आणि त्याच्या जागी वरच्या विशबोनसाठी (चाकाला चौकटीशी जोडणाऱ्या त्रिकोणी दांड्यासाठी) वेगळा तुकडा बसवावा लागतो. तो तुकडा आम्ही लेथवर घडवून बोल्टने बसवतो. तेथे वेल्डिंग चालणार नाही. स्टिअरिंगचा रॅक, कॉलम, टाय-रॉड हे भाग कारखान्यातून जसे आले तसेच राहतात, त्यांवर घरी वेल्डिंगचा एक ठिपकाही मारायचा नाही, हा माझ्या लेखमालेतील एकमेव असा नियम आहे की ज्यावर मी चर्चा स्वीकारत नाही. लेखांतील आकृत्यांमध्ये मूळ नकाशाच्या नळ्या काळ्या आणि आमच्या बदलाच्या नळ्या लाल दाखवल्या आहेत. आपली शंका लाल नळ्यांपुरती असेल तर ती रास्त आहे, कारण त्या पडताळणारे आज आमच्याशिवाय कुणी नाही.

ट्रॉलीच्या वेल्डरविषयी आपण जे लिहिले आहे, त्याच्याशी मात्र मी सहमत नाही. या माणसांचा हात पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या अँगल आणि चॅनलवर बसलेला असतो, त्यामुळे १.६ मिलिमीटरच्या पाइपावर तोच करंट ठेवला तर भोक पडते, आणि करंट फार कमी केला तर वेल्डिंग आत न मुरता नुसते वर चढून बसते. परंतु ही हाताची सवय आहे आणि ती बदलते. आमच्याकडे सीओटूच्या (गॅसच्या आवरणात तारेने वेल्डिंग करणाऱ्या) मशीनवर ०.८ मिलिमीटरची तार वापरतो, तेही शेडच्या आत, कारण वाऱ्याने गॅस उडाला की सांध्यात बारीक छिद्रे राहतात. चेसिसला हात लावण्याआधी प्रत्येकाने त्याच पाइपाच्या तुकड्यांचा टी-सांधा करायचा, तो शिकंज्यात धरून घणाने वाकवायचा आणि दुसरा सांधा हॅकसॉने मधोमध चिरून पाहायचा. पाइप फाटला आणि सांधा राहिला, तर तो माणूस चेसिसवर बसतो. सांधा सुटला, तर पुन्हा तुकडे. पक्के सांधे ग्राइंडरने घासून गुळगुळीत करण्याची आवड आपल्याकडच्या ग्रील-दारांच्या कामातून आलेली आहे. चेसिसवर मी ती होऊ देत नाही, कारण घासताना सांध्याबरोबर शेजारच्या पाइपाची भिंतही पातळ होते.

पाइपाबद्दल आपण काही लिहिले नाही, पण माझ्या मते खरा धोका तिथे आहे. दुकानात 'सोळा गेज' म्हणून मिळणारा पाइप प्रत्यक्षात पुष्कळदा पातळ निघतो. पंचवीस बाय पंचवीसचा १.६ मिलिमीटर जाडीचा सहा मीटरचा नग सात किलोच्या जवळपास भरायला हवा, १.२ मिलिमीटरचा तेवढाच नग सव्वापाच किलोच्या आसपास भरतो. म्हणून काट्यावर नग तोलल्याशिवाय आणि कापलेल्या तोंडाला व्हर्नियर लावल्याशिवाय माल उचलू नये, आणि शक्य असेल तर आयएस ४९२३ (पोकळ पोलादी पाइपांचे भारतीय मानक) चा शिक्का पाहून घ्यावा. नकाशातील पाइप २५.४ मिलिमीटरचा आणि आपला २५ चा, हा फरक ताकदीच्या दृष्टीने किरकोळ आहे. पण मापे पाइपाच्या बाहेरच्या कडेपासून धरायची की मध्यापासून, हे पहिल्याच दिवशी ठरले पाहिजे.

आमच्या भागाच्या दोन अडचणी इंग्रजी नकाशात कुठेच नाहीत. काळ्या मातीवरची फरशी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात बसते, त्यामुळे जोडणीचे टेबल गवंड्याच्या पाण्याच्या लेव्हल-नळीने वरचेवर तपासावे लागते. दुसरी अडचण उन्हाची : अडीच मीटरच्या पाइपाची एक बाजू सावलीत आणि दुसरी पंचवीस अंशांनी अधिक तापलेली असेल, तर दोन्हींच्या लांबीत पाऊण मिलिमीटरचा फरक पडतो. एप्रिल-मे महिन्यांत कर्ण मोजण्याचे आणि टॅक (तात्पुरते ठिपक्यांचे वेल्डिंग) मारण्याचे काम आम्ही सकाळीच उरकतो. सगळी चौकट आधी टॅकवर उभी करून, कर्ण जुळल्यावर, समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून पालटून पक्के वेल्डिंग करतो.

नकाशाची फाइल मी काढणार नाही. ती काढल्याने मुले गाडी बांधायचे थांबणार नाहीत. पिथमपूरला २००७ पासून भरलेल्या बाहा (विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या गाड्यांच्या) स्पर्धांमुळे इंजिनीअरिंग कॉलेजांमध्ये पाइपांच्या चौकटी बांधण्याची ओढ रुजली आणि ती आता आयटीआयच्या मुलांपर्यंत पोहोचली आहे. फाइल नसेल तर ती मुले फोटो पाहून चौकट जोडतील. आपल्या सूचनेवरून मी एवढा बदल मात्र करत आहे की, टी-सांध्याची तपासणी, पोत्याची पीळ-चाचणी आणि कायद्याची माहिती ही तीन पाने आता नकाशाच्या फाइलमध्येच सुरुवातीला जोडली आहेत, जेणेकरून लेख न वाचता कुणाला फक्त आकृत्या उतरवून घेता येणार नाहीत. लाल नळ्यांपैकी पुढच्या विशबोनच्या ब्रॅकेटांचे आणि मागच्या पॅनहार्ड रॉडच्या (ॲक्सल बाजूला सरकू न देणाऱ्या दांड्याच्या) ब्रॅकेटचे गणित आपण तपासून दिलेत, तर मला ते मनापासून हवे आहे. दोन्हींची मापे, प्लेटची जाडी आणि धरलेला भार पान ११ व १२ वर आहे. आपली दुरुस्ती येईल ती त्याच पानांवर जोडीन.

आपला नम्र