इको ऐकू येतो तुम्हाला, पण तयार होतो दुसऱ्याच्या घरी

एक फॉरवर्ड सध्या ग्रुपाग्रुपात फिरून राहिला आहे. मित्रांसोबत गेम रेकॉर्ड करताना स्वतःचा आवाज परत ऐकू येतो म्हणजे तुमचा माइक खराब, तो बदला, नेटचा स्पीड वाढवा, भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवा, नॉइज सप्रेशन फुल करा, आणि हेडफोन लावला की विषयच संपला. आमच्या मानेवाड्याच्या मित्राने हे वाचलं, बर्डीच्या बाजारात गेला, नवा माइक घेऊन आला. इको जसाच्या तसा. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

पहिले माइकचं. ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो त्याचा माइक उलट चांगला चालून राहिला आहे राजेहो, म्हणून तर आवाज समोरच्याच्या घरापर्यंत पोचला, तिथे टीव्हीच्या स्पीकरमधून निघाला, त्याच्या माइकात शिरला आणि फिरून तुमच्याकडे आला. आणि गंमत अशी की ज्याच्या घरून हे होते त्याला काहीच कळत नाही, त्यामुळे तोच सगळ्यात आधी म्हणते, "माझ्याकडे तर एकदम क्लिअर आहे बे."

आमच्यात असंच झालं होतं. मे महिना, दुपार, आमच्यातल्या एकाकडे कूलर फुलवर. त्या घरघरीत गेम ऐकू येईना म्हणून भाऊने हेडसेटची पिन उपसून ठेवली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. त्याला वाटलं हेडसेट काढला म्हणजे माइकही गेला. पण पीएस ५ (प्लेस्टेशन ५) च्या कंट्रोलरमध्ये स्वतःचा माइक असतो, हेडसेट निघाला की तो ऐकायला लागतो. सापडलं कसं, तर मी नुसतं "हॅलो, एक दोन तीन" म्हणत राहिलो आणि बाकी तिघांनी आळीपाळीने म्यूट केलं, कंट्रोलरवर पीएस बटणाच्या खाली ते छोटं बटण आहे ना, दाबलं की नारिंगी लाइट लागतो, ते. तिसऱ्याने दाबलं आणि इको गायब. दोन मिनिटांचं काम, त्यासाठी रुपया लागत नाही.

नेटचं म्हणाल तर नेट इको बनवत नाही, फक्त उशिरा आणते. पिंग, म्हणजे नेटवरून जाऊन परत यायला लागणारा वेळ, जास्त असला की तुमचा शब्द तुमच्यापासून लांब पडतो आणि जास्त खटकतो, एवढंच. समोरच्या माइकात आवाज शिरलाच नाही तर पिंग ३० असो की ३००, परत काय येणार?

अंड्याचे ट्रे राहू द्या. खोली घुमत असेल तर जाड पडदा, गादी, रजई कामाची, पण पार्टी चॅटच्या, म्हणजे खेळताना मित्रांशी नेटवरून होणाऱ्या गप्पांच्या, इकोशी तुमच्या भिंतीचा संबंधच नाही.

नॉइज सप्रेशनमध्ये लोक जास्त फसतात. ते कूलर-पंख्यासारखा एकसुरी आवाज दाबायला आहे. इको तर माणसाचाच आवाज, त्याला ते कशाला हात लावेल. इको कॅन्सलेशन वेगळं, त्याला माहीत असते की स्पीकरमधून आत्ता काय वाजलं, तेवढं ते माइकमधून वजा करते. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपमध्ये त्याचं वेगळं बटण आहे. पण ते चालू करायचं असते ज्याच्याकडून इको निघते त्याने, तुम्ही तुमच्याकडे शंभरदा केलं तरी काही होणार नाही.

हेडफोनचा मुद्दा अर्धा खरा आहे. फुल व्हॉल्यूमवर ढिला हेडफोन असला तर आवाज बाहेर गळतो आणि माइक तो पकडतोच. आणि स्वस्तातल्या वायर किंवा स्प्लिटरमध्ये माइक आणि स्पीकरची ग्राउंड (परतीची तार) एकच असते, तिथे आवाज हवेतून नाही तर तारेतूनच माइकात उतरतो. ओळखायचं कसं, तर ज्याच्याकडून इको निघते त्याला हेडफोनचे दोन्ही कप उशीत दाबून धरायला सांगा, इको थांबला तर गळती हवेतून, तरीही आला तर वायरवर संशय घ्या. त्याच्याकडचा व्हॉल्यूम आणि माइकचा गेन (माइक किती जोरात आवाज पकडतो ते) थोडा उतरवून पहा आधी, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागते.

आता फॉरवर्डवाल्याने जे लिहिलंच नाही ते. खेळताना कोणाला इको नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये मात्र आवाज डबल, हा आजारच वेगळा. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये माइक सेटिंगमध्ये एकदा लागलेला असतो आणि आपण सीनमध्ये तोच परत टाकतो, किंवा मित्रांचा आवाज कॅप्चर कार्डातूनही (कन्सोलचं चित्र-आवाज कॉम्प्युटरात आणणारा डबा) येते आणि डेस्कटॉप ऑडिओतूनही (कॉम्प्युटरवर वाजणारा आवाज), दोघांत थोडा फरक पडला की झाला इको. मित्राला बोलायला सांगा आणि ओबीएसच्या ऑडिओ मिक्सरकडे पहा, आवाज दाखवणारी एकच पट्टी हलली पाहिजे. दोन नाचल्या तर एक म्यूट करा. आणि ओबीएस ६ ऑडिओ ट्रॅक देते, तर गेम, आपला माइक आणि मित्रमंडळी वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या, कारण एकदा सगळं एकात कालवलं की त्यातून इको वेगळा काढणं म्हणजे तर्रीतून तेल परत बाटलीत भरण्यासारखं आहे.