काका, तुमचं घर कोणी घेणार नाही

रविवारी न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या काकांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज पुढे ढकलला. 'वायतांगी कराराच्या नावाखाली न्यूझीलंड सरकार माओरींना अब्जावधी डॉलर वाटतंय, उद्या आपली घरंही देईल. 1840 मध्ये त्यांनी राजीखुशीने सत्ता सोडली होती. आणि ते तरी कुठले मूळचे? मोरिओरींना संपवून त्यांनी देश बळकावला.' (माओरी म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी; त्यांचे प्रमुख आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यात 1840 मध्ये झाला तो वायतांगी करार.) खाली काकूंनी विचारलं होतं, "घर विकायचं का रे?" सत्तरीच्या बाईची झोप उडवणारा मजकूर न वाचता पुढे पाठवला जातो, याचा मला संताप आला.

आधी घर. तुमच्या-आमच्यासारख्यांची खासगी जमीन माओरींना द्या, अशी नुसती शिफारससुद्धा करारभंगाच्या तक्रारी ऐकणारं वायतांगी न्यायाधिकरण करू शकत नाही. 1993 मध्येच कायदा तसा बदलला. उलट काकांचं हॅमिल्टन कशावर उभं आहे ते बघा. 1863 मध्ये सरकारी फौजा माओरींच्या वायकातो प्रदेशात घुसल्या, मग सुमारे 12 लाख एकर जमीन जप्त झाली आणि 1864 मध्ये किरीकिरीरोआ या माओरी गावाच्या जागी सैनिकांची वसाहत बसली. तेच हॅमिल्टन. त्या जप्तीबद्दल 1995 मध्ये सरकारने कायदा करून माफी मागितली, त्यावर राणी एलिझाबेथने स्वतः सही केली, आणि 17 कोटी डॉलरची भरपाई ठरली. हिसकावलेल्यातला थोडासा भाग परत करण्याला वाटप म्हणायचं?

पैसा करातून जातो, हे खरं. काकांच्याही करातून जातो. पण भरपाईच्या आजवरच्या सगळ्या समझोत्यांत मिळून जेवढं दिलं, त्याच्या कितीतरी पट सरकार एका वर्षात ज्येष्ठांच्या पेन्शनवर खर्च करतं. ती पेन्शन काकांनाही मिळते.

'राजीखुशीने' म्हणे! मिशनरी हेन्री विल्यम्स आणि त्याच्या मुलाने एका रात्रीत कराराचा माओरी अनुवाद केला. इंग्रजीत 'सार्वभौमत्व' होतं, तिथे माओरीत 'कावानातांगा' आलं, म्हणजे गव्हर्नरचा कारभार. पुढच्याच कलमात जमिनी, गावं आणि ठेवी यांवर प्रमुखांचा पूर्ण अधिकार कबूल केला होता. 500 हून जास्त प्रमुखांनी सह्या केल्या, त्यातल्या फक्त 39 जणांच्या इंग्रजी मसुद्यावर आहेत. उत्तरेत फेब्रुवारी 1840 मध्ये सह्या करणाऱ्या प्रमुखांनी सार्वभौमत्व सोडलंच नव्हतं, असं न्यायाधिकरणाने 2014 च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय. वर्षानुवर्षं साक्षी-पुरावे ऐकून काढलेला निष्कर्ष आहे तो, कुणाचा फॉरवर्ड नाही.

मोरिओरींचं, म्हणजे चॅथम बेटांवरच्या मूळ रहिवाशांचं, अर्धं खरं आहे. 1835 मध्ये तारानाकीकडच्या दोन माओरी जमातींनी चॅथम बेटांवर जाऊन त्यांची कत्तल केली, उरलेल्यांना गुलाम केलं. भयंकरच होतं ते. पण ती बेटं न्यूझीलंडच्या मुख्य भूमीपासून सुमारे 800 किलोमीटर दूर, आणि मोरिओरी संपलेही नाहीत. 2020 मध्ये सरकारने त्यांच्याशीही समझोत्यावर सह्या केल्या.

काकूंना फोन करून हे सगळं सांगितलं. काकांनी मेसेज अजून काढलेला नाही.