बॉक्स आतच आहे

रात्री साडेअकरा वाजता मी मार्शल कंपनीच्या चार स्पीकरवाल्या गिटारच्या कॅबिनेटसमोर उभा होतो आणि माइक अर्धा इंच डावीकडे सरकवत होतो. आतून बायकोचा आवाज आला, "अरे, गॅस बंद केलास का?"

खरं तर मी बसलो होतो. ते कॅबिनेट आमच्या दारातून आत आलं असतं तर फ्रिजला बाहेर जावं लागलं असतं. माझ्यासमोर होता गिटारचा आवाज घडवणारा डब्याएवढा एक प्रोसेसर, डोक्यावर हेडफोन, मांडीवर गिटार. कॅबिनेट, स्पीकर, माइक आणि ज्या खोलीत ते ठेवलेत ती खोलीसुद्धा त्या डब्यात होती. गॅस तेवढा बाहेर होता, आणि तो चालू होता.

ज्यांना या व्यसनाची लागण झालेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. इलेक्ट्रिक गिटारचा स्पीकर हा चांगला स्पीकर नसतोच. बारा इंची कागदी कोन, आणि पाचेक हजार हर्ट्झच्या वर तो जवळजवळ हात टेकतो. पण त्याच्या या नाकर्तेपणालाच आपण गिटारचा आवाज म्हणतो. तो वगळून डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाटवलेला आवाज, थेट हेडफोनला जोडलं तर स्टीलच्या डब्यात डास कोंडल्यासारखं ऐकू येतं. मी एकदा तसं घरात गाणी ऐकायच्या स्पीकरवर लावलं होतं. मुलगी आतून ओरडली, "बाबा, मिक्सरमध्ये काय अडकलंय?"

म्हणून मग आयआर, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स. कुणीतरी चांगल्या स्टुडिओत खऱ्या कॅबिनेटमधून खर्जापासून शिट्टीपर्यंत चढत जाणारा एक सूर सोडतो, माइकनं तो टिपतो आणि त्यातून त्या स्पीकरचा, लाकडाचा, माइकचा ठसा गणितानं वेगळा काढतो. माझ्या यंत्राला त्यातले आवाजाचे 2048 नमुने पुरतात, म्हणजे 43 मिलिसेकंद. मांजर शिंकायलासुद्धा याहून जास्त वेळ घेतं.

पण एक फाइल म्हणजे माइकची एकच जागा. इथून माझा ऱ्हास सुरू झाला.

माझ्या डब्यात 24 कॅबिनेट आहेत, 12 माइक आहेत, प्रत्येक माइकची 10 अंतरं आहेत, आणि माइक सरळ की तिरका हा शेवटचा प्रश्न. झाले 5760. एकेकाला दहा सेकंद दिले तरी सोळा तास. हे फक्त ऐकायला, आवडायला नाही. शिवाय यंत्रात दोन कॅबिनेट एकदम लावायची सोय आहे. त्या जोड्यांचा हिशोब मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये केला : 1 कोटी 65 लाख 85 हजार 920. त्या मीटिंगमध्ये दुसरं काहीच निष्पन्न झालं नाही.

पहिल्या आठवड्यात मी ग्रीनबॅक नावाच्या स्पीकरवर खूश होतो. दुसऱ्या आठवड्यात व्हिंटेज 30 या दुसऱ्या स्पीकरशिवाय जगणं मला अशक्य वाटू लागलं. माइकांमध्ये शुअरचा एसएम 57, म्हणजे 1965 पासूनचा घरचा माणूस. जगातल्या निम्म्या गिटारांपुढे हाच असावा, आणि अमेरिकेच्या अध्यक्षांच्या भाषणापुढेही हाच. दुसरा रॉयरचा रिबन माइक. त्यात केसापेक्षा पातळ ॲल्युमिनियमची पट्टी असते, आणि खरा घ्यायचा तर आधी बायकोशी आणि मग बँकेशी बोलावं लागेल. डब्यात मात्र मी त्याला बिनधास्त किंचाळत्या ॲम्पच्या तोंडाशी धरतो.

माइक स्पीकरच्या मधोमध ठेवला की आवाज काच कापल्यासारखा, कडेला नेला की गोधडीखालून आल्यासारखा. या दोहोंमध्ये कुठेतरी मोक्ष आहे, आणि तो दोन इंचांत आहे हे नक्की. चष्मेवाल्याकडे होतं तसं माझं होतं. "आत्ताचं स्पष्ट दिसतंय की आधीचं?" पहिल्या चार भिंगांना माणूस प्रामाणिक उत्तर देतो. पाचव्यापासून तो समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून उत्तरं देतो. (माझ्या डाव्या डोळ्याचा नंबर अशा सभ्यपणातूनच वाढला आहे असा मला संशय आहे.) तीन रात्री जागून मी बारा आवाज निवडले, आणि चौथ्या रात्री लक्षात आलं की ते बारा चांगले नव्हते, बाकीच्यांपेक्षा मोठे होते. मग सगळ्यांची पातळी सारखी करून पुन्हा पहिल्यापासून.

हे सगळं करताना मी वाजवत काय होतो? तेच चार कॉर्ड. आठ वर्षांपूर्वीही तेच होते.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत तिसऱ्या दिवशी सांस्कृतिक कार्यक्रम असतो. माझं नाव लागलं. मी माझा अंतिम आवाज घेऊन गेलो : दोन कॅबिनेट, दोन माइक, पाच आठवडे.

साउंडवाला विशीतला पोरगा. एका हातात स्टँड, दुसऱ्या हातात माइक. तो मी दुरूनच ओळखला. 57. खराखुरा, रंग उडालेला, बुडाशी काळी चिकटपट्टी गुंडाळलेला. ज्याला पाच आठवडे मी स्क्रीनवर अर्धा अर्धा इंच हलवत होतो, तो माझ्याकडे चालत येत होता.

"सर, गिटारचा बॉक्स कुठाय? माइक लावतो."

"बॉक्स आतच आहे," मी डब्याकडे बोट दाखवून म्हटलं.

त्यानं डब्याकडे पाहिलं, उचलून खालून पाहिला, परत ठेवला. "आणि माइक?"

"तोही आत आहे. दोन आहेत."

त्यानं मान हलवली, जशी आपण आजारी माणसापुढे हलवतो, आणि 57 नेऊन ढोलकीला लावला. मला एक वायर दिली.

पहिला कॉर्ड वाजवला आणि मांडवाचा पत्रा थरथरला. रात्री दबक्या आवाजात कानाला खर्ज कमीच ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी 1933 मध्येच मोजून ठेवलंय. मी तो कमी पडतोय म्हणून रोज रात्री थोडा थोडा वाढवत गेलो होतो. पाच आठवड्यांची ती बचत आता एकदम बाहेर आली. पहिल्या रांगेतल्या आजींनी प्रसादाची वाटी धरून ठेवली.

पोरानं मिक्सरवर हात नेला. दोन सेकंद, फार तर तीन. आवाज बसला. तोच, जो मी शोधत होतो.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याला गाठलं. "काय केलंस रे नेमकं?"

तो वायर गुंडाळत होता. "काय नाय सर. घुमत होतं, थोडं काढलं."

"किती?"

त्यानं हवेत बोटानं बटण फिरवून दाखवलं. "एवढं."