पंतप्रधानांनी आठवड्यातून अर्धा तास उपप्रश्नांना उत्तरं द्यावीत

१४ सप्टेंबर २०२० ला लोकसभेत एक लेखी उत्तर आलं. टाळेबंदीत गावाकडे परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले, असा प्रश्न होता. कामगार मंत्रालयाने कळवलं की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. वर्तमानपत्रांनी ते छापलं, लोक संतापले, वाहिन्यांवर वाद झडले. पण ज्या सभागृहात ते उत्तर आलं, तिथे एकाही खासदाराला उठून "का ठेवली नाही?" एवढे तीन शब्द विचारता आले नाहीत. कोविडचं कारण देऊन त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला होता. घेतले ते फक्त अतारांकित प्रश्न. त्यांचं उत्तर कागदावर येतं आणि त्यावर उपप्रश्न, म्हणजे उत्तर ऐकून लगेच विचारलेला पुढचा प्रश्न, नसतो.

बरं, समजा तो तास झाला असता आणि उपप्रश्न आला असता, तरी उत्तर कोण देणार होतं? कामगारमंत्री सांगू शकले असते ते त्यांच्या खात्यापुरतं. टाळेबंदीचे आदेश गृह मंत्रालयाचे, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचे. गाड्या रेल्वेने थांबवलेल्या. साथीचा अंदाज आरोग्य खात्याकडचा. आणि घोषणा केली स्वतः पंतप्रधानांनी, २४ मार्चला रात्री आठ वाजता, मध्यरात्रीपासून अंमल. देश चार तासांत थांबवायचा हे धोरण कुठल्याही एका खात्याचं नव्हतं. ते सरकारचं होतं. मग त्यावर सरकारच्या प्रमुखाला उभं करून प्रश्न विचारण्याची जागा आपल्या संसदेत कुठे आहे?

माझं उत्तर असं आहे की ती जागा जवळपास नाहीच, आणि ती तयार झाली पाहिजे. आज सत्तेत कोण आहे याच्याशी या मागणीचा संबंध नाही. उद्या दुसरा पक्ष आला तरी मी हेच लिहीन.

सध्याची व्यवस्था कशी चालते ते आधी बघू. लोकसभेत सकाळी ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास असतो. रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत घेतले जातात. प्रश्न किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि कुणाचा प्रश्न लागणार ते सोडतीने ठरतं. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यानंतर उपप्रश्न सुरू होतात. खरा कस तिथे लागतो, कारण मूळ उत्तर अधिकाऱ्यांनी लिहून दिलेलं असतं, उपप्रश्न मात्र मंत्र्याच्या अंगावर थेट येतो. पण गोंधळ नसला तरी वीसपैकी चार-पाच प्रश्नच तोंडी होतात. बाकीच्यांची उत्तरं पटलावर ठेवली जातात आणि विषय संपतो.

खात्यांना वार वाटून दिलेले असतात. लोकसभेत पंतप्रधानांच्या खात्यांची पाळी बुधवारी येते. पण 'पंतप्रधानांची खाती' म्हणजे मुख्यतः कार्मिक, अणुऊर्जा आणि अवकाश. म्हणजे निवृत्तिवेतन, अणुभट्ट्या आणि उपग्रह. यांवरही बहुतेक वेळा उत्तर द्यायला राज्यमंत्री उभे राहतात, आणि हे एका सरकारपुरतं नाही. महागाईवर पंतप्रधानांना प्रश्न पाठवला तर तो संबंधित मंत्रालयाकडे वळवला जातो.

यावर कळस म्हणजे लोकसभेच्या कामकाजाचा ४१वा नियम. प्रश्न कसा असावा याच्या अटी त्यात आहेत. प्रश्न १५० शब्दांपेक्षा मोठा नको, त्यात मत मागायचं नाही, वगैरे. त्यातच एक अट अशी की एका उत्तराच्या मर्यादेत मावणार नाहीत इतके मोठे धोरणात्मक मुद्दे प्रश्नात आणायचे नाहीत. अटीमागचा विचार समजण्यासारखा आहे, पाच मिनिटांत परराष्ट्र धोरण उलगडता येत नाही. पण परिणाम बघा. छोटा प्रश्न खात्याकडे जातो, मोठा प्रश्न नियमात बसत नाही. राष्ट्रीय धोरणाबद्दल त्याच्या कर्त्याला विचारण्याची वाट दोन्हीकडून बंद.

"पंतप्रधान संसदेत बोलतातच की," असं कुणी म्हणेल. बोलतात. राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरील आभारप्रस्तावाला उत्तर देतात, अविश्वास ठरावाला उत्तर देतात. ती भाषणं दोन-दोन तास चालतात. पण ती चर्चेच्या शेवटी असतात. पंतप्रधान बसले की मतदान होतं आणि सभागृह पुढच्या कामाला लागतं. कशाला उत्तर द्यायचं आणि काय गाळायचं, हे बोलणारा स्वतः ठरवतो. मणिपूरमधल्या हिंसाचारावर जुलै २०२३ मध्ये विरोधी पक्षांना अविश्वास ठराव आणावा लागला, तो मंजूर होणार नाही हे माहीत असूनही, कारण पंतप्रधानांना त्या विषयावर सभागृहात बोलायला लावण्याचा दुसरा मार्गच त्यांना दिसत नव्हता. सरकार पाडण्यासाठी असलेलं शस्त्र साध्या प्रश्नासाठी उपसावं लागणं ही व्यवस्थेतली मोठी उणीव आहे.

समित्यांकडे बोट दाखवणारेही आहेत. १९९३ पासून आपल्याकडे खातेनिहाय स्थायी समित्या आहेत आणि त्यातलं काम खरोखर चांगलं होतं. पण त्यांच्यापुढे साक्षीला सचिव येतात. मंत्री येत नाहीत, मग पंतप्रधानांची गोष्टच सोडा. म्हणजे राजकीय निर्णयाचा जाब विचारायला उरतं ते सभागृहच.

असं कायमच होतं असंही नाही. नेहरू पंतप्रधान असताना परराष्ट्र खातं शेवटपर्यंत त्यांच्याकडेच होतं, त्यामुळे प्रश्नोत्तराच्या तासात उभं राहणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता. १९५९ च्या ऑगस्टअखेर खासदारांच्या प्रश्नांच्या रेट्याखाली त्यांना संसदेत मान्य करावं लागलं की चीनने अक्साई चीनमधून रस्ता काढला आहे. सरकारला ही माहिती आधीपासून होती. पुढच्याच महिन्यात चीनशी झालेल्या पत्रव्यवहाराची पहिली श्वेतपत्रिका निघाली. त्या धोरणातल्या चुका प्रश्नांनी टळल्या नाहीत, १९६२ चं चीनयुद्ध व्हायचं ते झालंच. पण देशाला निदान कळलं, आणि ते सरकारच्या प्रमुखाच्या तोंडून कळलं.

१९६३ साली समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी सभागृहात सांगितलं की देशातले २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात. नेहरूंनी पंधरा आणे म्हणून सांगितलं. आकडा कुणाचा बरोबर यावर सरकारला आपलाच हिशेब पुन्हा तपासावा लागला, आणि गरिबी मोजायची कशी हा प्रश्न सगळ्या देशापुढे आला. पंतप्रधान समोर बसलेले नसते तर तो आकडा एका खासदाराच्या भाषणात विरून गेला असता.

आणि प्रश्न विचारणं हे फक्त विरोधकांचं काम आहे असं समजणाऱ्यांनी मुंदडा प्रकरण आठवावं. सरकारी आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवली. १९५७ मध्ये त्यावर लोकसभेत प्रश्न आले, आणि ते प्रकरण धसाला लावलं फिरोझ गांधींनी. ते सत्ताधारी पक्षाचे खासदार, वर पंतप्रधानांचे जावई. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा आयोग नेमला गेला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींना जावं लागलं. आज सत्ताधारी बाकावरून मंत्र्याला अडचणीत आणणारा उपप्रश्न शेवटचा कधी ऐकला, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून बघावं.

ब्रिटनमध्ये पंतप्रधानांसाठी ठरलेली वेळ १९६१ पासून आहे. मॅकमिलन पंतप्रधान होते, मंगळवारी आणि गुरुवारी पंधरा-पंधरा मिनिटं. १९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांनी ती बुधवारी सलग अर्धा तास केली. विरोधी पक्षनेत्याला सहा प्रश्न, बाकीच्या खासदारांची नावं सोडतीने. मूळ प्रश्न बहुतेक वेळा नाममात्र असतो, "आजचा पंतप्रधानांचा कार्यक्रम काय?" त्यानंतरचा उपप्रश्न कशावरही असू शकतो, आणि पंतप्रधानांना तो आधी माहीत नसतो. लागोपाठ तीन निवडणुका जिंकलेल्या ब्लेअर यांनीही नंतर मोकळेपणाने कबूल केलं की या अर्ध्या तासाची त्यांना फार धास्ती असायची. कॅनडात तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी २०१७ पासून बुधवारचे सगळे प्रश्न स्वतः घ्यायची प्रथा सुरू केली. जर्मनीत २०१८ पासून चॅन्सेलरही संसदेत थेट प्रश्नांना सामोरे जातात.

ब्रिटनमधला तो अर्धा तास बऱ्याचदा आरडाओरड्यात जातो, हे मला मान्य आहे. घोकून आणलेली वाक्यं, बाकांवरचा गलका, पक्षाच्या लोकांचे खुशामतीचे प्रश्न, सगळं तिथे असतं. पण मला त्यातला जो भाग मोलाचा वाटतो तो कॅमेऱ्यात दिसत नाही. तो असतो आदल्या दिवशी. कुठल्या रुग्णालयात काय झालं, कुठल्या खात्याने कुठलं आश्वासन लटकवून ठेवलं, हे सगळं पंतप्रधानांच्या कार्यालयाला विचारावं लागतं, आणि खात्यांना त्याची उत्तरं वर पाठवावी लागतात. उद्या आपल्या साहेबांना सभागृहात तोंड द्यायचंय हे कळलं की फाइल हलते. सरकारला स्वतःकडे दर आठवड्याला बघायला लावणारी ही सक्ती मला भाषणांपेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाची वाटते.

आपल्या जवळचं उदाहरण कांद्याचं घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. डिसेंबरमध्ये निर्यात पूर्ण बंद. मे २०२४ मध्ये, ऐन लोकसभा निवडणुकीत, बंदी उठली, पण ५५० डॉलर प्रतिटन किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्कासह. सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं, १ एप्रिल २०२५ पासून शून्य. वीस महिन्यांत इतक्या कोलांट्या. शुल्क अर्थ मंत्रालयाचं, निर्यातीची अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाची, शहरातल्या भावाची काळजी ग्राहक व्यवहार खात्याला, आणि लागवडीचे आकडे कृषी खात्याकडे. नाशिकच्या खासदाराने यातल्या कुणाला विचारायचं? प्रत्येक जण आपल्या तुकड्याचं खरं उत्तर देईल, आणि शेतकऱ्याला हवं ते उत्तर कुणाकडूनच मिळणार नाही. ग्राहक आणि शेतकरी यांच्यात सरकार कुणाच्या बाजूने झुकलं आणि का, हे फक्त ज्याने शेवटी तोल ठरवला तो सांगू शकतो.

महाराष्ट्राच्या विधिमंडळात यापेक्षा थोडं बरं आहे. गृह खातं अनेकदा मुख्यमंत्र्यांकडेच असतं, त्यामुळे तारांकित प्रश्नांना आणि लक्षवेधी सूचनांना त्यांना स्वतः उत्तर द्यावं लागतं, अधिवेशनाच्या शेवटी येणाऱ्या अंतिम आठवडा प्रस्तावालाही तेच उत्तर देतात. पण छापील उत्तरं चाळली की "हे अंशतः खरे आहे", "चौकशी सुरू आहे", "प्रश्न उद्भवत नाही" यांचीच रांग दिसते. आपली अधिवेशनं इतकी आखूड झाली आहेत की ती रांग मोडायला वेळच उरत नाही.

विरोधी पक्षांनाही सांगायचंय. घोषणा देत अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, म्हणजे हौद्यात, उतरून तुम्ही जो तास वाया घालवता, तो सरकारचा नसतो. तो तुमचा असतो, आणि तुम्हाला निवडून देणाऱ्यांचा. गोंधळात प्रश्नोत्तराचा तास तहकूब झाला की सर्वांत जास्त सुटका होते ती त्या दिवशी पाळी असलेल्या मंत्र्याची.

पंतप्रधानांच्या प्रश्नकाळासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे हे ७५व्या अनुच्छेदात लिहिलेलंच आहे, आणि ८८वा अनुच्छेद मंत्र्यांना दोन्ही सभागृहांत बोलू देतो, त्यामुळे पंतप्रधान राज्यसभेचे सदस्य असले तरी अडत नाही. नियम समितीने ठरवलं आणि सभागृहाने मानलं की झालं. ब्रिटननेही १९६१ मध्ये आधी प्रयोग म्हणूनच सुरुवात केली आणि मग ते कायम केलं. आपण एका हिवाळी अधिवेशनापुरतं करून बघू. बुधवारी १२ वाजता, प्रश्नोत्तराचा तास संपल्यावर, अर्धा तास. पहिले प्रश्न विरोधी पक्षनेत्याचे, नंतर सोडतीने निघालेल्या खासदारांचे, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा. विषय आधी कळवायची अट नको. एखादी आकडेवारी हाताशी नसेल तर पंतप्रधानांनी तसं सरळ सांगावं आणि पुढच्या बुधवारी ती पटलावर ठेवावी.