फूल आणि माशी एकाच जनुकाने घडत नाहीत

समाजमाध्यमांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरताना दिसतो. त्यात चार विधाने असतात. होमिओबॉक्स नावाचे एकच ‘मास्टर जीन’ माशीपासून गुलाबापर्यंत सर्वांचे शरीर घडवते, हे पहिले. हे जनुक दोन्हीकडे सापडते, त्याअर्थी शरीराचा आराखडा वनस्पती आणि प्राणी वेगळे होण्यापूर्वीच तयार होता, हे दुसरे. अशा जनुकात बदल झाला की जीव मरतो, म्हणून नवे आकार उत्क्रांतीने निर्माण होणे अशक्य आहे, हे तिसरे. शेवटी पुरावा म्हणून उंदराचे जनुक घालून माशीला डोळा उगवल्याचा प्रयोग दिलेला असतो. यातला प्रत्येक धागा कुठल्या ना कुठल्या खऱ्या संशोधनातून ओढलेला असल्यामुळे मजकूर पटण्यासारखा वाटतो. गाठी मात्र भलत्याच ठिकाणी मारलेल्या आहेत.

पहिल्या विधानातली चूक शब्दापासूनच सुरू होते. होमिओबॉक्स हे जनुकाचे नाव नाही. अनेक जनुकांमध्ये आढळणारा तो डीएनएच्या सुमारे १८० अक्षरांचा एक तुकडा आहे. त्यापासून प्रथिनाचा ६० अमिनो आम्लांचा भाग तयार होतो आणि त्या भागाच्या साहाय्याने ते प्रथिन डीएनएला ठरावीक जागी पकडून दुसऱ्या जनुकांचे काम सुरू किंवा बंद करते. १९८३-८४ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील बाझल आणि अमेरिकेतील इंडियाना येथील दोन गटांनी हा तुकडा फळमाशीत स्वतंत्रपणे ओळखला. माणसात तो धारण करणारी दोनशेहून अधिक जनुके आहेत आणि त्यांपैकी शरीराची लांबीच्या दिशेने विभागणी ठरवणारी हॉक्स जनुके फक्त ३९ आहेत. एवढ्या मोठ्या गोतावळ्याला ‘एक जनुक’ म्हणणे म्हणजे आडनाव सारखे आहे म्हणून सगळ्या घराण्याला एकच माणूस समजणे होय.

वनस्पतींत होमिओबॉक्स आहे, हे खरे आहे. १९९१ मध्ये मक्याच्या नॉटेड-१ या जनुकात तो प्रथम सापडला. परंतु ते जनुक तिथे कोणते काम करते, हे त्या मजकुरात कधीच सांगितलेले नसते. अवयवाला ओळख देणे हे त्याचे काम नव्हे. वाढत्या शेंड्यातील पेशींना पान व्हायचे की आणखी काही, हे ठरू न देता विभाजनक्षम ठेवण्याचे काम ते करते, म्हणजे जवळजवळ उलटेच. फुलाच्या कोणत्या वर्तुळात कोणता अवयव उगवेल हे ठरवणारी जनुके शोधली गेली, तेव्हा त्यांपैकी बहुतेक मॅड्स-बॉक्स नावाच्या सर्वस्वी निराळ्या कुळातली निघाली. १९९० मध्ये मोहरीच्या कुळातील अ‍ॅराबिडॉप्सिस या छोट्या रोपात अ‍ॅगॅमस आणि स्नॅपड्रॅगनमध्ये डेफिशिअन्स ही जनुके ओळखली गेली, आणि लगेच पुढच्या वर्षी एन्रिको कोएन आणि इलियट मायरोविट्झ यांनी ‘एबीसी’ प्रारूप मांडले. त्यानुसार ‘ए’ गटाची जनुके एकटी असली तर निदल, ‘ए’ आणि ‘बी’ मिळून पाकळी, ‘बी’ आणि ‘सी’ मिळून पुंकेसर, आणि ‘सी’ एकटे असले तर स्त्रीकेसर तयार होते. अ‍ॅगॅमस हे ‘सी’ गटातले जनुक. ते बिघडले की पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात आणि मधोमध स्त्रीकेसराऐवजी पुन्हा नवे फूल सुरू होते. बागेतल्या भरगच्च गुलाबाच्या पाकळ्यांमागेही याच जनुकाचे आक्रसलेले कार्यक्षेत्र आहे.

इथे एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. विल्यम बेटसन यांनी १८९४ मध्ये ‘होमिओसिस’ हा शब्द योजला तो एका अवयवाच्या जागी दुसरा परिपूर्ण अवयव येण्याच्या घटनेसाठी, आणि तो त्यांनी प्राणी व वनस्पती दोघांनाही लावला. माशीच्या डोक्यावर मिशीऐवजी पाय उगवणे आणि फुलात पुंकेसराऐवजी पाकळी उगवणे ही दृश्ये वरकरणी इतकी सारखी आहेत की कारणही एकच असावे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पहिल्या घटनेमागे अँटेनापीडिया हे होमिओबॉक्स कुळातले जनुक आहे, तर दुसरीमागे मॅड्स-बॉक्स कुळातले, आणि या दोन कुळांच्या प्रथिनांची घडण एकमेकांशी नाते सांगत नाही. उलट्या बाजूनेही हेच दिसते. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये मॅड्स-बॉक्स जनुके शंभराहून अधिक आहेत, माणसात अवघी पाच, आणि त्या पाचांचा बराचसा संबंध स्नायूंच्या घडणीशी आणि पेशींच्या वाढीच्या संकेतांशी येतो. म्हणजे दोन्ही शाखांकडे दोन्ही कुळे होती. अवयवांना ओळख देण्याचे काम एकीने एका कुळाकडे सोपवले, दुसरीने दुसऱ्याकडे. माझ्या मते मजकुराचे खंडन करायला एवढी एकच तुलना पुरेशी आहे.

दुसरे विधान पहिल्यावरच उभे आहे, त्यामुळे ते अर्धे आधीच कोसळते. उरलेल्या अर्ध्याचे उत्तर काळात आहे. वनस्पती आणि प्राणी यांचा शेवटचा समान पूर्वज सुमारे दीड अब्ज वर्षांपूर्वी किंवा त्याहूनही आधी होऊन गेला आणि तो एकपेशीय होता. ज्याला शरीरच नव्हते, त्याच्याकडे शरीराचा आराखडा कुठून असणार? बहुपेशीयता दोन्ही शाखांत नंतर, स्वतंत्रपणे आली.

मग एकपेशीय जीवाला होमिओबॉक्स कशासाठी लागत होता, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे एक सुरेख उत्तर क्लॅमिडोमोनास या हिरव्या एकपेशीय शैवालाने दिले आहे. त्याच्या एका लिंगप्रकाराच्या युग्मकात, म्हणजे मीलनासाठी तयार झालेल्या पेशीत, नॉटेडच्या नात्यातले एक प्रथिन असते, दुसऱ्या प्रकाराच्या युग्मकात त्याचे जोडीदार प्रथिन. दोन युग्मके एकत्र आली की ही प्रथिने जोडी करून केंद्रकात जातात आणि युग्मनजाचा, म्हणजे मीलनातून झालेल्या नव्या पेशीचा, कार्यक्रम सुरू होतो. २००८ मध्ये हे दाखवून दिले गेले. ही दोन्ही प्रथिने एकाच पेशीत मुद्दाम तयार करवली, तर मीलन न होताही तो कार्यक्रम सुरू होतो. यीस्टमध्येही लिंगप्रकार ओळखण्याच्या यंत्रणेत होमिओबॉक्सधारी प्रथिनांची अशीच जोडी आहे. थोडक्यात, ‘दोन पेशींचे मीलन झाले आहे’ याची खूण पटवणारी ही जुनी कळ पुढे वनस्पतींच्या एका शाखेत शेंड्याच्या वाढीसाठी कामाला लागली. प्राण्यांच्या बाजूलाही अशीच उसनवारी दिसते. कॅप्सास्पोरा हा प्राण्यांचा एकपेशीय नातलग. भ्रूणाच्या घडणीत महत्त्वाचे असलेले ब्रॅकियुरी हे जनुक त्याच्याकडे आहे, पण त्याला भ्रूणावस्थाच नाही.

न्याय्य बाजू म्हणून हेही नोंदवतो की दोन्हीकडे सारखेपणाने वापरली जाणारी एक गोष्ट खरोखर आहे. ती म्हणजे पॉलिकोम्ब ही जनुके दडपून ठेवणारी यंत्रणा. माशीत ती हॉक्स जनुकांना नको तिथे गप्प ठेवते. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये तिच्याच एका घटकाचा भाऊबंद, कर्ली लीफ, पानांमध्ये अ‍ॅगॅमसला गप्प ठेवतो. तो बिघडला की पानात फुलाचे जनुक जागे होते आणि पान मुरडते. कुलूप समान पूर्वजाकडून आले, पण ते ज्या दारांना लावले गेले ती दारे दोन्ही घरांत वेगळी आहेत. मजकुराच्या लेखकाला समान वारशाचे उदाहरण हवेच असेल, तर त्याने हे द्यावे.

तिसऱ्या विधानात प्रथिनातील बदल आणि त्या प्रथिनाच्या नियंत्रणातील बदल यांची सरमिसळ आहे. पिट्‌क्स-१ हे जनुक उंदरात पूर्ण निकामी केले, तर पिल्लू जन्मताच दगावते, त्यामुळे विधान इथपर्यंत खरे आहे. परंतु हिमयुग संपल्यानंतर गोड्या पाण्याच्या तळ्यांत अडकलेल्या काटेरी स्टिकलबॅक माशांनी पोटाकडचे काटे गमावले ते याच जनुकामुळे, आणि त्यांचे पिट्‌क्स-१ प्रथिन जसेच्या तसे शाबूत आहे. नाहीसा झाला तो जनुकाबाहेरचा एक लहान तुकडा, जो ते जनुक फक्त मागच्या परांच्या भागात चालू करत असे. जबडा आणि इतर अवयवांत ते पूर्ववत काम करते, म्हणून मासा जगतो. वेगवेगळ्या तळ्यांत हा तुकडा स्वतंत्रपणे गळालेला आढळला आहे.

मक्याचे उदाहरण वनस्पतींमधले. मेक्सिकोतील टिओसिन्टे या फांद्यांनी पसरणाऱ्या गवतापासून एका खोडाचा मका घडला, त्यात टीबी-१ या नियामक जनुकाचा मोठा वाटा आहे. त्या जनुकापासून सुमारे ६०,००० अक्षरे दूर डीएनएचा एक ‘उडता’, म्हणजे जागा बदलणारा, तुकडा येऊन बसला आणि टीबी-१ अधिक जोमाने काम करू लागले, त्यामुळे बाजूच्या फांद्या दबल्या. हा बदल शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून रानटी झाडांत थोड्या प्रमाणात होता. त्याने झाडे मेली नाहीत. माणसाने ती निवडली.

राहिला डोळ्याचा प्रयोग. तो खरा आहे. १९९५ मध्ये वॉल्टर गेरिंग यांच्या गटाने पॅक्स-६ या जनुकाची माशीतील आवृत्ती तिच्या पायांत आणि पंखांत चालू केली आणि तिथे डोळ्यांची रचना उगवली. उंदराची आवृत्ती वापरूनही ती उगवली. मजकुरात इथेच वाक्य संपते. पण उगवलेला डोळा अनेक भिंगिकांचा, माशीचा संयुक्त डोळा होता, उंदराचा नव्हता. उंदराच्या जनुकाने ‘इथे डोळा’ एवढा इशारा दिला. तो कसा घडवायचा, हे माशीच्या पेशींमधील शेकडो इतर जनुकांनी ठरवले.